वर्गणीदार मोबाइलवरच भेटेल

पाऊस मनासारखा झाला आणि बोरी नदीला पाणी आलं, की नळदुर्गच्या नर-मादी धबधब्यांचे व्हिडिओ अख्ख्या धाराशिव जिल्ह्याच्या मोबाइलवर फिरू लागतात. पुण्यात कंपनीत असलेला भूमचा मुलगा ते बघतो, मुंबईला दिलेली उमरग्याची लेक बघते आणि ‘आपलं नळदुर्ग’ असं लिहून पुढे पाठवते. पंधरा सेकंद पाणी पडतं, गाणं वाजतं आणि संपतं. किल्ल्यातल्या धरणाच्या पोटात पाणीमहाल आहे, इब्राहिम आदिलशाह दुसऱ्याच्या काळात तो बांधला गेला, डोक्यावरून नदी कोसळत असताना आत माणूस कोरडा उभा राहू शकतो, हे त्या पंधरा सेकंदांत मावत नाही. ते सांगायला चार पानं लागतात, एक आराखडा लागतो, सावकाश काढलेला एक फोटो लागतो. त्यासाठी अंक लागतो.

असे अंक काढायची उमेद असलेली माणसं आपल्या जिल्ह्यात आहेत. कुणाला किल्ल्यांचं वेड आहे, कुणाला नाण्यांचं, कुणी येडशीच्या रामलिंग अभयारण्यात पहाटेपासून पक्ष्यांच्या मागे असतो. ही मंडळी भेटली की प्रश्न एकच असतो : त्रैमासिक काढू हो, पण वाचक कुठून आणायचे? आणि पाठोपाठ दुसरा : फेसबुक-इन्स्टावर टाकलं तर होईल का? माझं उत्तर ‘होईल’ असंच आहे. फक्त तिथे काय मिळवायचं, ते आधी ठरवायला हवं. लाइक मिळवायच्या असतील तर तो वेगळा उद्योग आहे. अंकाला हवा असतो पिन कोडसकट पत्ता आणि वर्षाची वर्गणी.

वाचक नाहीत, हे मला मान्य नाही. १० ते १२ जानेवारी २०२० या तीन दिवसांत इथे त्र्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. त्या मांडवात खेड्यापाड्यांतून आलेली माणसं ज्यांनी पाहिली, ते इथे वाचणारं कुणी नाही असं म्हणणार नाहीत. अडचण गाठ पडण्याची आहे. तालुक्याच्या गावी पुस्तकाचं धड दुकान नाही, एसटी स्टँडवरचे स्टॉल ओसरले, आणि शिकलेली कितीतरी मुलं जिल्ह्याबाहेर गेली. धाराशिवच्या अंकाचा वाचक आज कळंब-वाशीत जितका आहे, तितकाच हडपसर-पिंपरीत आहे. त्याच्या दारापर्यंत जायला संपादकाकडे दुसरी वाट नाही. मोबाइल हीच वाट आहे.

आडगावातून नियतकालिक चालवून दाखवल्याचं मोठं उदाहरण महाराष्ट्रात आहेच. कुंडलच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तिथून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. लोखंडी नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं ते घरचं पत्र. त्याचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, मग १९३० मध्ये ‘स्त्री’ आलं, १९३४ मध्ये ‘मनोहर’ आलं. पुण्या-मुंबईच्या छापखान्यांपासून लांब, हाताशी रेल्वे आणि टपाल. ‘स्त्री’ने तर वाचणाऱ्या बायकांनाच लिहितं केलं. ज्या घरातलं कुणी त्या पानांवर लिहितं, त्या घरात अंक येतोच. शेजारच्या घरातही मागितला जातो. वाचकाला अंकात जागा देण्याची ही रीत जवळपास शंभर वर्षांपूर्वीची आहे आणि समाजमाध्यमांवर तीच सगळ्यांत जास्त चालते.

ती कशी, हे आपल्या जिल्ह्यातल्याच गोष्टीवरून सांगतो. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ सगळ्यांना ठाऊक आहे. ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली, नंतर परंड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये तिथून विजापूरला नेली. आता ही माहिती सरळ टाकली तर चार अंगठे येतील. त्याऐवजी परंड्याच्या बुरुजाचा फोटो टाकून विचारा : इथली कोणती तोफ आज दुसऱ्या राज्यात आहे? लोक बोलू लागतात. कुणाच्या आजोबांनी काही सांगितलेलं असतं, कुणाकडे जुना फोटो असतो. ज्याने नवं काही दिलं, त्याला फोन करा, लिहायला सांगा, नावासकट छापा. हा माणूस पुढच्या अंकाचा लेखक झाला आणि त्याचे पाहुणेरावळे वर्गणीदार होण्याच्या बेतात आले.

तेरचं तर काय सांगावं! पेरिप्लस या जुन्या ग्रीक प्रवासवर्णनात ‘तगर’ म्हणून उल्लेख असलेलं हे गाव. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, असं त्यात म्हटलं आहे. तेरला मिळालेली हस्तिदंती स्त्री-प्रतिमा आणि इटलीत पाँपेईच्या अवशेषांत १९३८ मध्ये सापडलेली प्रतिमा, यांतलं साम्य अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. आणि हा ठेवा आपल्यापुढे कुणामुळे आला? रामलिंगप्पा लामतुरे नावाच्या एका छांदिष्टामुळे. गावात सापडणाऱ्या जुन्या वस्तू त्यांनी जिवापाड जमवल्या. आज तेरच्या शासकीय वस्तुसंग्रहालयाला त्यांचं नाव आहे. ज्या जिल्ह्यात एका माणसाच्या छंदातून संग्रहालय उभं राहतं, तिथे छंदाला वाहिलेला एक अंक चालत नाही, हे मी ऐकून घेणार नाही.

आता थोडं यंत्राबद्दल. एका ओळखीच्या तरुणाच्या फेसबुक पानाला हजारोंनी पसंती होती. अंक छापला तेव्हा गठ्ठे घरीच राहिले. त्याच्या पोस्टी मी काळजीपूर्वक पाहिल्या. एकीवरही अंकाची किंमत नव्हती, मागवायचा नंबर नव्हता, पैसे पाठवायचा क्यूआर कोड नव्हता. शिवाय फेसबुकने जानेवारी २०१८ पासून पानांपेक्षा घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्टींना पुढे काढायचं धोरण घेतलं, तेव्हापासून पानावर टाकलेलं सगळ्या पसंतीवाल्यांना दिसतच नाही. वाचकाने स्वतः दोन ओळी लिहून पुढे पाठवलं तर ते लांब जातं. इन्स्टाग्रामवर रील खूप बघितली जाते, पण खालच्या मजकुरातल्या लिंकवर बोट ठेवून काही उघडत नाही. म्हणून मागवायचा नंबर रीलमध्येच, ठळक अक्षरांत हवा.

माझा भर व्हॉट्सॲपवर आहे, आणि त्यातही ग्रुपवर नाही. ग्रुपमध्ये १,०२४ माणसं बसतात हे खरं. पण शुभ सकाळ, वाढदिवस आणि निवडणूक यांच्या गर्दीत अंक हरवतो. चॅनेल चांगलं, पण ते एकतर्फी. तिथे कोण आलं, त्याचा नंबर संपादकाच्या हाती लागत नाही. ब्रॉडकास्ट यादीत जास्तीत जास्त २५६ जण येतात आणि ज्याने तुमचा नंबर आपल्या मोबाइलमध्ये जतन केला आहे, त्यालाच तुमचा संदेश पोचतो. अनेकांना ही अडचण वाटते. मला ती चाळणी वाटते. जो नंबर जतन करतो, त्याला अंक हवा असतो. अशी दोनशे माणसं आधी जोडा, त्यांच्या प्रत्येक संदेशाला नावानिशी उत्तर द्या, वर्गणी संपायच्या महिनाभर आधी आठवण करा. आणि त्यांचे पत्ते एका वहीत उतरवून ठेवा. पान बंद पडेल, नियम बदलतील, खातं कुणी पळवेल. वही आपली राहते.

पीडीएफबद्दल मी कडक आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, वर्तमानपत्रांचं वाटप थांबलं आणि छापलेलं सगळं मोबाइलवर फुकट येण्याची सवय लागली. दैनिकं त्यातून सावरली. मोठ्या संस्थांच्या मागे जाहिराती असतात. छंदाच्या अंकामागे वर्गणीच असते. सगळा अंक ग्रुपवर सोडला की तो विकत घेण्याचं कारणच उरत नाही. एक लेख द्या, तोही पूर्ण द्या, अर्धवट तोडून चिडवू नका. बाकीचा अंक घरी येऊ द्या. किल्ल्यांना वाहिलेला ‘दुर्गांच्या देशातून’ हा दिवाळी अंक पाहा. कागदावरचे किल्ले जपून ठेवणारी माणसं आजही आहेत.

एका बाबतीत मात्र सगळ्यांनीच जपायला हवं. पावसानंतर तेरच्या पांढरीच्या टेकाडांवर मणी, खापरं, नाणी वर येतात. त्याचा फोटो जागेच्या खुणेसकट टाकला, की दुसऱ्या दिवशी तिथे कुदळ पडते. जमिनीत सापडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला हवं, असा कायदा १८७८ पासून आहे. पुरावस्तूंसाठी १९७२ चा वेगळा कायदा आहे. घरट्यांचंही तसंच. पक्षी दाखवा, झाड दाखवू नका. आणि फिरत आलेला इतिहास तपासल्याशिवाय आपल्या पानावर घेऊ नका. आपल्याकडे मंदिर-दर्ग्यांबद्दल काहीबाही रोज फिरतं. अंकाच्या नावाने जे जाईल ते पडताळलेलं असतं, हा विश्वास बसला, की लोक विचारायला तुमच्याकडे येतात. माझ्या मते वर्गणी या विश्वासाचीच असते.

नोंदणीला घाबरायचं कारण नाही. नियतकालिकांचा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आहे. शीर्षकाचा आणि नोंदणीचा अर्ज आता ऑनलाइन करता येतो, त्यासाठी दिल्लीचे हेलपाटे नकोत. ज्यांच्या मनात अंक आहे त्यांनी या पावसाळ्यात विषय पक्का करावा आणि दिवाळीला पहिला अंक काढावा.

वाचकांकडे माझं मागणं छोटं आहे. तुमच्या तालुक्यातलं कुणी किल्ल्यांवर, पाखरांवर, नाण्यांवर अंक काढत असेल तर त्याची पोस्ट खुशाल पुढे पाठवा. पण त्याआधी त्याला तुमचा पूर्ण पत्ता कळवा आणि एका वर्षाची वर्गणी भरा.