यंत्राने हाक दिली, ओ कोण देणार?

आमच्या धर्मग्रामातल्या एका वाडीत घडलेली ही गोष्ट. साठी उलटलेले एक शेतकरी मधुमेहासाठी इन्सुलिन घेतात. पत्नी वारली, घरी एकटेच असतात. आखातात नोकरीला असलेल्या मुलाने त्यांच्या दंडावर साखर मोजणारी चकती बसवून दिली. तिच्यावरचा आकडा बिनतारी लहरींनी वडिलांच्या मोबाइलवर आणि तिथून मुलाच्या मोबाइलवर जाई. लावणीच्या दिवसांत एके रात्री ते थकून आले, इन्सुलिन घेतले आणि धड न जेवताच झोपले. मध्यरात्री साखर उतरली. समुद्रापलीकडे मुलाचा मोबाइल वाजला. त्याने घरी फोन लावला, पण कोणी उचलला नाही. शेजाऱ्याचा नंबर त्याच्याजवळ नव्हता. पहाटे दूध घ्यायला आलेल्या बाईला ते बेशुद्ध सापडले. देवदयेने वाचले. पण यंत्र ओरडले तेव्हा ते शुद्धीवर असणार. भिंतीपलीकडचा शेजारी तीन चमचे साखर घेऊन आला असता, तर एवढी पाळी आली नसती.

यंत्राला आम्ही नावे ठेवीत नाही. 1947 च्या सुमारास अमेरिकेतल्या माँटाना प्रांतात नॉर्मन होल्टर या शास्त्रज्ञाने चालत्याफिरत्या माणसाच्या हृदयाची नोंद बिनतारी पाठवण्याचा उद्योग केला, तेव्हा पाठीवरच्या यंत्राचे वजन सुमारे 38 किलो होते. आज तेच काम छातीवरची एक पट्टी करते. बोटावरचा चिमटा रक्तातला प्राणवायू सांगतो, मनगटावरचे घड्याळ नाडी मोजते, दंडावरची चकती दोन आठवडे साखर पाहते. ही सारी अंगावरची यंत्रे एका मोबाइलशी बोलतात आणि मोबाइल दूरच्या डॉक्टरशी. अशा अंगावरच्या जाळ्यासाठी 2012 साली आंतरराष्ट्रीय नियमही ठरले. तालुक्याच्या दवाखान्यात जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, हे आपण जाणतो. आपल्यासारख्यांना हे साधन उपयोगाचेच आहे.

तरी त्याच्या उणिवा माहीत हव्यात. चकती रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या पाण्यातली मोजते. म्हणून तिचा आकडा काही मिनिटे मागे असतो. अंगाला घाम आणि थरथर सुटली असेल आणि आकडा मात्र ठीक दिसत असेल, तर बोट टोचून खात्री करावी. प्राणवायूचा चिमटा गार पडलेल्या बोटावर किंवा रंगवलेल्या नखावर चुकतो. 2020 साली अमेरिकेत असे आढळले की, काळ्या रुग्णांच्या रक्तात प्राणवायू कमी असूनही चिमटा तो पुरेसा दाखवी, आणि ही चूक गोऱ्या रुग्णांपेक्षा जवळजवळ तिप्पट वेळा होई. उन्हात राबणाऱ्या आपल्या सावळ्या लोकांनी हे ध्यानात ठेवावे. शिवाय माणसाचे शरीर बहुतांशी पाणी, ते या लहरी शोषून घेते. मोबाइल दुसऱ्या खोलीत राहिला, बॅटरी उतरली किंवा घाटाच्या कुशीतल्या वाडीत रेंज गेली, की निरोप अडकला.

या उणिवा आज ना उद्या कमी होतील. मोठी उणीव यंत्रात नाही, आपल्यात आहे. यरिहोच्या वाटेवर जखमी माणूस पडला होता. त्याला याजकाने पाहिले, लेवीनेही पाहिले. पाहणाऱ्यांची वाण नव्हती. शोमरोनी माणूस मात्र थांबला, जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि खर्चही सोसला. यंत्र फक्त पाहते. थांबण्याचे काम कोणत्याही कंपनीला विकत देता येणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे. परदेशी असलेल्या मुलांनी आईबापांना यंत्र जरूर घ्यावे, पण त्याच दिवशी दोन शेजाऱ्यांचे नंबर घ्यावेत आणि त्यांना घराची किल्ली कुठे असते ते सांगावे. शेजाऱ्यांनी एवढे शिकून घ्यावे : साखर 70 च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असला, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, अजून कमी असल्यास पुन्हा द्यावी. बेशुद्ध असला तर तोंडात काहीही ओतू नये, कुशीवर वळवावे आणि 108 ला फोन करावा. धर्मग्रामाच्या प्रत्येक वाडीने एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी करावी आणि रात्री कोणी उठायचे याची पाळी लावावी. त्याला पैसा लागत नाही. सण आला की आपण मांडवासाठी घरटी माणूस देतो, तसाच इथेही द्यावा.

पूर्वी कोणी अत्यवस्थ झाले की वाडीभर हाक जाई आणि कंदील घेऊन माणसे धावत. आता हाक मोबाइलमधून येते, एवढाच फरक. धावायचे मात्र अजून आपल्यालाच आहे.