चिप त्यांची, धावपळ आपली

गेल्या दोन महिन्यांत तीन नातेवाइकांनी मला एकच प्रश्न विचारला. "ॲपलचा जुना लॅपटॉप स्वस्तात मिळतोय, घेऊ का?" एक मावसबहीण रेवदंड्याची, एक पुतण्या पेणचा आणि तिसरे आमचे श्रीवर्धनचे काका, ज्यांना निवृत्तीनंतर 'काहीतरी लिहायचंय'. तिघांनाही विकणाऱ्यानं एकच मंत्र ऐकवला होता, "इंटेलवालं मशीन आहे, डोळे झाकून घ्या." मी तिघांनाही नको म्हटलं. पण फोनवर कारण सांगायला लागलो की दोन मिनिटांत पलीकडून "बरं बरं, तू म्हणतोस म्हणजे असेल" असं येतं, आणि मग माणूस जाऊन तेच घेऊन येतो! म्हणून सविस्तर लिहितोय. ब्लॉगवाल्या दोस्तांना यातलं निम्मं ठाऊक असेल. त्यांनी उरलेल्या निम्म्यावर भांडावं.

आधी मूळ मुद्दा. संगणकाच्या पोटात जी चिप असते, म्हणजे प्रोसेसर, तिला फक्त स्वतःची बोली कळते. प्रोग्राम लिहिणारा आपला प्रोग्राम माणसाला समजेल अशा भाषेत लिहितो, मग तो चिपच्या बोलीत उतरवतो आणि ते उतरवलेलं आपल्याला विकतो. मूळ लिखाण त्याच्याकडेच राहतं. उद्या चिपची जात बदलली की आपल्याकडचं सगळं परक्या बोलीतलं ठरतं. आमच्या किनाऱ्यावर कोळी लोक होडीचं इंजिन बदलतात, त्यात नवल काही नाही. पण नवं इंजिन बसवलं म्हणून जुनी जाळी पाण्यात टाकता येत नाहीत, असं कुणी ऐकलंय का? संगणकात नेमकं तेच होतं. वर इंजिन बदलायचं की नाही हे तांडेल ठरवत नाही, होडी विकणारा ठरवतो.

ॲपलनं मॅकच्या बाबतीत हे तीनदा केलंय. १९८४ चा पहिला मॅक मोटोरोलाच्या ६८००० चिपवर चालायचा. १९९४ मध्ये पॉवरपीसी आली. जून २००५ मध्ये स्टीव्ह जॉब्सनं इंटेलकडे जायची घोषणा केली आणि जानेवारी २००६ पासून इंटेलचे मॅक दुकानात आले. जून २०२० मध्ये पुन्हा घोषणा, या वेळी स्वतःच्या चिपची, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात एम१ वाले मॅक विकायला. प्रत्येक वेळी नवी चिप जुनीपेक्षा सरस होती, हे मी खुशाल मान्य करतो. एम१ च्या मॅकबुक एअरमध्ये तर पंखाच नाही, आणि आमच्याकडच्या मे महिन्यातसुद्धा ते मांडीवर घेऊन बसता येतं. चांगल्याला चांगलं म्हणायला माझं काही जात नाही.

माझा राग चिपवर नाही. दुभाष्याला हाकलून देण्यावर आहे.

चिप बदलताना ॲपल मधे एक दुभाषा बसवतं. जुन्या बोलीतला प्रोग्राम आला की तो नव्या बोलीत सांगायचा, एवढंच त्याचं काम. २००६ मध्ये त्याचं नाव होतं रोझेटा. तो इतका बेमालूम होता की आपण जुना प्रोग्राम चालवतोय हे बऱ्याच जणांना कळायचंसुद्धा नाही. आणि त्यातच गोम होती. कारण २०११ च्या जुलैत मॅकओएसची 'लायन' ही आवृत्ती आली आणि तिच्यातून रोझेटा काढून टाकलेला होता. साडेपाच वर्षांत दुभाषा गेला. सिस्टिम नवी केल्यावर कालपर्यंत चालणारे प्रोग्राम दुसऱ्या दिवशी उघडेनासे झाले.

मशिनांचं गणित त्याहून वाईट आहे. पॉवरपीसीवाला शेवटचा पॉवर मॅक जी५ ऑगस्ट २००६ पर्यंत विकला जात होता. ऑगस्ट २००९ मध्ये 'स्नो लेपर्ड' आली, ती पॉवरपीसीवर चालतच नव्हती. बरोबर तीन वर्षं! आता हेच गणित पुन्हा मांडू. इंटेलवाला मॅक प्रो जून २०२३ पर्यंत कंपनीच्या यादीत होता. अमेरिकेत त्याची सुरुवातीची किंमत ५,९९९ डॉलर. आणि जून २०२५ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की 'टाहो', म्हणजे मॅकओएस २६, ही इंटेल मॅकसाठी शेवटची आवृत्ती. सुरक्षेच्या दुरुस्त्या पुढे काही काळ मिळतील, नवी सिस्टिम नाही. त्या टाहोवरसुद्धा इंटेलची मोजून चार मॉडेलं चालतात, तीही २०१९ आणि २०२० ची. रेवदंड्याच्या मावसबहिणीला दाखवलेलं मशीन २०१७ चं होतं. 'डोळे झाकून घ्या' यातलं डोळे झाकणं किती गरजेचं होतं ते आता कळलं असेल :-)

यावर ठरलेलं उत्तर मला माहीत आहे. "अरे, तंत्रज्ञान पुढे जातं. जुनं किती वर्षं वागवायचं?" बरोबर. पण जुनं वागवणं अशक्य असतं, ही थाप आहे. आयबीएमनं १९६४ मध्ये सिस्टिम/३६० आणली. त्यानंतर आतलं सगळं यंत्र किती वेळा बदललं, तरी त्या काळी लिहिलेले कामाचे प्रोग्राम आयबीएमच्या आजच्या मेनफ्रेमवर चालवता येतात. त्याच आयबीएमनं १९९५ मध्ये एएस/४०० या संगणकाची चिप मुळापासून बदलली. जात दुसरी, ४८ बिटांऐवजी ६४ बिट. पण तिथं प्रोग्राम आणि चिप यांच्यामध्ये एक थर पहिल्यापासून ठेवलेला होता, त्यामुळे बहुतेक गिऱ्हाइकांचे प्रोग्राम यंत्रानंच नव्या बोलीत उतरवून घेतले. तिथलं गिऱ्हाईक बँका आणि कारखाने. त्यांना "तीन वर्षांत नवं घ्या" म्हणायची कुणाची छाती नाही. आपल्याला म्हणतात, कारण आपण ऐकतो.

दुसरं उत्तर जरा जड आहे, म्हणून ते टाळत नाही. पहिला रोझेटा ॲपलचा स्वतःचा नव्हता. त्यातलं तंत्र ट्रान्झिटिव्ह नावाच्या ब्रिटिश कंपनीचं होतं आणि ती कंपनी पुढे आयबीएमनं विकत घेतली. परक्याचा दुभाषा किती दिवस पोसायचा, असं कुणी म्हटलं तर मी गप्प बसेन. पण २०२० पासून जो रोझेटा २ आहे तो ॲपलचा घरचा आहे. त्यालाही निरोप मिळालाच. मॅकओएस २७ पर्यंत तो पूर्ण राहील आणि पुढे त्यातला काही भाग फक्त जुन्या, आता कुणी सांभाळत नसलेल्या खेळांसाठी ठेवू, असं कंपनीनंच सांगितलंय. नीट वाचा हं. खेळांसाठी ठेवणार. म्हणजे ठेवता येतो! मग एखाद्या छपाईवाल्याचा जुना, कुणी सांभाळत नसलेला प्रोग्राम त्या खेळापेक्षा कुठे कमी पडला?

इथं मला पुण्याच्या सी-डॅकची आठवण होते, कारण चिपची जात वरचेवर बदलणारे आपल्या महाराष्ट्रातही होऊन गेलेत. डॉ. विजय भटकरांच्या काळात, १९९१ मध्ये, परम ८००० उभा राहिला तो इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्यूटर चिपांवर. १९९८ च्या परम १०००० मध्ये सनच्या अल्ट्रास्पार्क, २००२-०३ च्या परम पद्ममध्ये आयबीएमच्या पॉवर४, २००८ च्या परम युवामध्ये इंटेल. चार यंत्रं, चार जाती! तिथल्या शास्त्रज्ञांना त्रास झालाच असणार. पण हवामानाचं गणित करणाऱ्याकडे त्याचा प्रोग्राम मूळ स्वरूपात असतो. नव्या चिपसाठी तो पुन्हा उतरवून घेता येतो. आपल्याकडे मूळ नाही. म्हणून आपल्या बाबतीत दुभाषा ही मेहेरबानी ठरत नाही, विकलेल्या मालाचाच तो भाग आहे.

आणि बदल नीट कसा करावा हे शिकायला कॅलिफोर्नियाला जायची गरज नाही. अलिबागला या.

अलिबागची चुंबकीय वेधशाळा आपल्यापैकी किती जणांनी आतून पाहिलीय? समुद्रावर जाऊन भेळ खाऊन परत येणारेच जास्त. या वेधशाळेचं मूळ मुंबईच्या कुलाब्याला. (आपला कुलाबा किल्ला नव्हे. आपल्या जिल्ह्याचं नावही १९८१ पर्यंत कुलाबाच होतं, त्यामुळे हा घोळ नेहमी होतो.) तिथं १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं चालू होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. ट्रामच्या विजेनं चुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड होतं. तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते नानाभॉय मूस, त्या पदावरचे पहिले भारतीय. त्यांनी साधारण तीस किलोमीटरवर, खाडीपलीकडे, अलिबागला जागा शोधली. इमारतीला चुंबकत्व नसलेला पोरबंदरचा दगड वापरला.

आता महत्त्वाचं. १९०४ मध्ये अलिबागला मोजमाप सुरू झालं, पण कुलाब्याचं बंद केलं नाही. १९०६ पर्यंत, दोन वर्षं, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. कशासाठी? तर दोन जागांच्या आकड्यांत नेमका फरक किती हे कळावं आणि जुनी साठ-पासष्ट वर्षांची मालिका नव्या मालिकेला जोडता यावी. कुलाबा थांबला तो हा हिशेब हातात आल्यावर. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. म्हणजे ट्राम यायच्या आधी सगळं पूर्ण!

याचा उपयोग काय झाला? सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेलं एक प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं होतं. कुलाब्याच्या माणसांनी त्या वेळचे आकडे वहीत लिहून ठेवले होते. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले आणि परदेशातले शास्त्रज्ञ त्या आकड्यांवरून वादळाचा जोर किती होता याचं गणित मांडू शकले. १४४ वर्षांपूर्वीची नोंद! (या संस्थेचं मुख्यालय आता नवीन पनवेलला आहे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. नातेवाइकांनी मुलांना सांगायला हरकत नाही.) चुंबकीय वेधशाळेला ट्राम नको होती, बदल लादलेला होता. तरी बदलाचं ओझं त्यांनी नोंदी वापरणाऱ्याच्या गळ्यात टाकलं नाही. ॲपलवर तर बदल कुणी लादलेलाही नाही.

"पण आम्ही कुठे सूर्याची वादळं मोजतोय," असं काकांनी म्हणायच्या आत सांगतो. मराठी छापखाने, साप्ताहिकं, दिवाळी अंक, गावोगावच्या स्मरणिका यांची वर्षानुवर्षं पेजमेकरमध्ये गेली आहेत. बहुतेक विंडोजवर, काही मॅकवर. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ ची. मॅकवर ती जुन्या ओएस ९ च्या वातावरणातच चालायची. ते वातावरण इंटेल मॅकवर कधी आलंच नाही, आणि २००७ च्या 'लेपर्ड'पासून पॉवरपीसीवरूनही गेलं. इनडिझाइनमध्ये पेजमेकरच्या फायली उघडायची सोय होती, तीही २०१२ च्या सीएस६ नंतर काढली. त्यात आपला खास मराठी पेच वेगळाच. युनिकोडच्या आधी प्रत्येक फाँटवाल्याची अक्षरांची मांडणी निराळी होती. तो फाँट आणि तो प्रोग्राम नसेल तर फाईल उघडूनही 'ज्ञानेश्वर'च्या जागी कंस, टिंबं आणि रोमन अक्षरांची भेळ दिसते. इंग्रजीवाल्याचा प्रोग्राम गेला तर त्याची फक्त पानाची मांडणी जाते. आपला मजकूरच जातो. मोडीतले कागद घराघरांतल्या ट्रंकांत पडलेत आणि वाचणारा सापडत नाही, तशी ही दुसरी मोडी आपण पंचवीस वर्षांत तयार करून ठेवलीय.

मग मागायचं काय? पहिलं, विकतानाच तारीख सांगा. बिस्किटाच्या पुड्यावर असते, पाच लाखांच्या यंत्रावर का नको? ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून नेटला जोडल्या जाणाऱ्या वस्तूंवर सुरक्षेच्या दुरुस्त्या किमान कधीपर्यंत मिळतील हे सांगायची सक्ती आहे. पण गंमत बघा, डेस्कटॉप आणि लॅपटॉप त्यातून वगळलेत! आपल्या केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं. स्क्रीन आणि बॅटरी बदलून मिळण्याची काळजी तिथं आहे. चालू स्थितीतलं यंत्र कंपनीच्या एका घोषणेनं म्हातारं होतं त्याची काळजीही तिथं घ्यायला हवी. दुसरं, दुभाष्याला काढायचंच असेल तर तो लोकांसाठी खुला करा. तुम्हाला सांभाळायचा नसेल तर सांभाळणारे जगात पुष्कळ आहेत. मोफत सांभाळतील.

तोवर आपल्या हातातलं काम. ज्यांच्याकडे नव्या चिपचा मॅक आहे त्यांनी 'ॲक्टिव्हिटी मॉनिटर' उघडून 'काइंड' या रकान्यात बघावं. ज्या प्रोग्रामसमोर तिथं 'इंटेल' दिसतं तो दुभाष्याच्या जिवावर चालतोय. त्याची नवी आवृत्ती आहे का ते आजच शोधा. पेजमेकरच्या फायली असतील तर पीडीएफ काढून ठेवा, आणि मजकूर युनिकोडमध्ये करून साध्या टेक्स्ट फाईलमध्येही ठेवा. पीडीएफ दिसायला छान, पण जुन्या फाँटमधला मजकूर तिच्यातून शोधता येत नाही.

आणि एक विनंती. अलिबाग, मुरूड, पेण भागात कुणाकडे २००६ च्या आधीचा, ओएस ९ चालवू शकणारा मॅक अजून सुरू असेल, तर मला कळवा. दोन गावांच्या देवस्थानांच्या स्मरणिका सीडीवर पडून आहेत, आणि त्या सीडी अजून वाचता येतायत.