पान, तुरा आणि राळ

उसाच्या फडात, मक्यात नाहीतर हळदीच्या रानात लावलेली गांजाची झाडे पोलिसांनी उपटली, ही बातमी सातारा-सांगलीच्या वाचकाला नवी नाही. कधी ती माण-खटावकडची असते, कधी जतची. सोबतच्या छायाचित्रात मुळासकट बांधलेल्या हिरव्या पेंढ्या दिसतात आणि मजकुरात 'इतक्या किलोचा गांजा' असा आकडा. त्या पेंढीत मुळे, माती, खोड, पाने, तुरे सगळेच असते. त्यातला गांजा म्हणजे नेमके काय, हे मात्र बातमी लिहिणाऱ्याला, वाचणाऱ्याला आणि बऱ्याचदा ओढणाऱ्यालाही सांगता येत नाही.

झाड एकच, कॅनाबिस. लिनियसने 1753 साली त्याला 'कॅनाबिस सटायव्हा' हे शास्त्रीय नाव दिले. आपल्याकडे त्याचा वापर फार जुना असल्यामुळे भाषेने झाडापेक्षा त्याच्या भागांना नावे दिली आणि हे काम चोख केले. पाने वाटून होते ती भांग. मादी झाडाचा फुलोरा, म्हणजे शेंड्याचे तुरे, हा गांजा. तुऱ्यांवरचा चिकट पदार्थ वेगळा काढला की तो चरस. ब्रिटिश सरकारने 1893-94 मध्ये नेमलेल्या हेंप ड्रग्ज आयोगाने आपल्या जाडजूड अहवालात याच तीन देशी शब्दांवर विभागणी उभी केली, आणि आजचा कायदाही त्याच वाटेने जातो.

या तीन नावांमागे झाडाची रचना आहे. नर आणि मादी झाडे सहसा वेगळी असतात. मादी फुलाभोवतीच्या बारीक पानांवर भिंगाखाली दिसणारे, टाचणीच्या डोक्यासारखे ग्रंथीयुक्त केस असतात. राळ त्यांतच तयार होते आणि नशा आणणारे द्रव्य त्या राळेत असते. मोठ्या पानावर असे केस थोडे, म्हणून भांग सौम्य. तुऱ्यावर दाट, म्हणून गांजा तीव्र. चरस तर निव्वळ राळच. मादी फुलात बी धरले की झाडाची ताकद बियांकडे वळते. त्यामुळे बंगालमधल्या नौगावच्या गांजा-शेतीत नर झाडे ओळखून उपटणारा एक जाणकार ठेवलेला असे. त्याला 'गांजा डॉक्टर' म्हणत. वैद्यकीच्या पदवीखेरीज हा किताब मिळवणारे बहुधा तेवढेच!

बियांत नशा जवळजवळ नसते. खोडाच्या सालीत तर नुसता वाख. या वाखाच्या शब्दाने, म्हणजे इंग्रजी 'हेंप'ने, मराठीत भलताच घोळ घातला आहे. इंग्रजांनी दोरासाठी उपयोगी पडणाऱ्या दिसेल त्या झाडाला हेंप म्हटले. आपला ताग झाला 'सन हेंप', घायपात झाले 'सिसल हेंप' आणि घरोघरी जिची आंबट भाजी होते ती अंबाडी झाली 'डेक्कन हेंप'. या तिघांचा कॅनाबिसशी काडीचाही संबंध नाही. अंबाडीची वरची पाने मात्र हाताच्या बोटांसारखी फाकलेली असतात. कॅनाबिसच्या पानाशी असलेल्या या साम्यामुळे तिचे शास्त्रीय नावच 'हिबिस्कस कॅनाबिनस' पडले. बांधावरची अंबाडी पाहून शंका घेणाऱ्याने तिचे फूल पाहावे. पिवळे, मधोमध गर्द लाल डोळा असलेले, जास्वंदीच्या कुळातले. कॅनाबिसला असे देखणे फूल येत नाही. (इकडच्या बाया उसात जी भांगलण करतात, तिचाही या भांगेशी संबंध नाही, हे जाता जाता.)

आता राळेतल्या द्रव्यांकडे. त्यात शंभराहून अधिक संयुगे आहेत. सामान्य वाचकाने दोन ओळखली तरी पुष्कळ झाले. टीएचसी हे नशेचे द्रव्य. इस्रायलमधल्या रेहोवोत येथे राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी 1964 साली ते शुद्ध रूपात वेगळे करून त्याची रचना सांगितली. दुसरे सीबीडी. त्याने तशी नशा चढत नाही. टीएचसी मेंदूतल्या ज्या ग्राहींवर बसते, त्या काही गांजासाठी घडलेल्या नाहीत. शरीर स्वतःच तसे एक द्रव्य बनवते. मेशुलम यांच्याच प्रयोगशाळेत 1992 साली ते सापडले आणि संस्कृत 'आनंद' या शब्दावरून त्याचे नाव ठेवले 'आनंदमाइड'. भूक, वेदना, स्मरण, भीती या सगळ्यांत या यंत्रणेचा हात असतो. गांजा ओढल्यावर भूक खवळते, वेळेचे भान सुटते आणि एखाद्याला उगाच कोणीतरी पाठलाग करत असल्यासारखे वाटते, त्याचे कारण हेच.

टीएचसी पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळते. भांग दुधात, खव्यात, तुपात का करतात, याचे उत्तर त्यात आहे. धुरातून ते काही मिनिटांत मेंदूत पोहोचते; पोटातून जायला अर्धा तास ते दोन तास लागतात. महाशिवरात्रीला किंवा धुळवडीला पहिल्या पेल्याने 'काहीच झाले नाही' म्हणून दुसरा पेला पिणारा माणूस संध्याकाळी रुग्णालयात येतो, तो या हिशेबाच्या चुकीने. त्यात धोतरा मिसळला असेल तर प्रकरण गंभीर. बाहुल्या विस्फारलेल्या, तोंड कोरडे ठणठणीत, अंग तापलेले, लघवी तुंबलेली आणि असंबद्ध बडबड. ही लक्षणे नुसत्या भांगेची नव्हेत, आणि उपचारही वेगळे. 'काय प्यायलात?' या प्रश्नाला सोबतच्यांनी खरे आणि नेमके उत्तर दिले, तर डॉक्टरांचा मोलाचा वेळ वाचतो.

ते मिळत नाही, ही खरी अडचण आहे. सरकारी रुग्णालयात तरुण रुग्णाला 'गांजा ओढतोस का?' विचारले की तो 'नाही' म्हणतो आणि खोटे बोलत नसतो. कारण त्याच्या लेखी तो 'वीड' ओढतो. वीड, पॉट, मारिजुआना, ग्रास हे सगळे गांजाच. हॅश म्हणजे चरस. इंग्रजी नाव घेतल्याने टीएचसी कमी होत नाही. उलट दुसरीकडे आईवडील 'भोळ्या शंकराचा प्रसाद' म्हणून भांग आणि गांजा एका पारड्यात टाकतात. एम्सच्या 2019 च्या राष्ट्रीय पाहणीने दोन्ही वेगळे मोजले, ते बरे केले. 10 ते 75 वयोगटात वर्षभरात भांग घेणारे सुमारे 2 टक्के, गांजा-चरस घेणारे सुमारे 1.2 टक्के. व्यसनाच्या पायरीवर पोहोचणाऱ्यांचे प्रमाण मात्र गांजा-चरसवाल्यांत जास्त.

कारण मात्रा. युरोप आणि ब्राझीलमधल्या अकरा ठिकाणच्या अभ्यासात, 2019 सालीच, असे आढळले की 10 टक्के किंवा त्याहून जास्त टीएचसी असलेला माल रोज ओढणाऱ्यांत मनोविकाराचा झटका येण्याची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळपास पाचपट होती. मुलगा एकटाच बोलतो, भिंतीला कान लावतो, जेवणात विष घातलेय म्हणतो. अशा वेळी घरचे आधी देवऋषाकडे जातात, अंगारा आणतात, महिने घालवतात. खिशातल्या पुडीची गोष्ट सगळ्यात शेवटी निघते. तसेच वारंवार उलट्या होणाऱ्यांचे. दुर्बिणीची तपासणी झाली, सोनोग्राफी झाली, काही सापडले नाही. आणि गडी सांगतो की कढत पाण्याने अंघोळ केली की बरे वाटते. ही खूण वर्षानुवर्षे गांजा ओढणाऱ्यांत दिसते, आणि थांबवल्याशिवाय उलट्या कायमच्या थांबत नाहीत.

शब्दांची गल्लत दुकानातही होते. हेंप बियांचे तेल वेगळे, सीबीडी तेल वेगळे. बिया, त्यांचे तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2021 मध्ये मान्यता दिली. ते खाद्यतेल आहे, औषध नव्हे. शुद्ध सीबीडीचे औषध अमेरिकेत 2018 साली मंजूर झाले, तेही अपस्माराच्या दोन दुर्मीळ, हट्टी प्रकारांसाठी, मोजलेल्या मात्रेत आणि यकृताच्या तपासण्या करत. फिट येणाऱ्या लेकराच्या गोळ्या बंद करून मोबाइलवर मागवलेले 'हेंप ऑइल' पाजणे म्हणजे झटक्याला आमंत्रण आहे. औषध आणि हे तेल यांत फक्त झाडाचे नाव सारखे आहे.

कायदाही झाडाचे भाग पाहतो. 1985 च्या एनडीपीएस कायद्यानुसार गांजा म्हणजे फुलांचे किंवा फळांचे तुरे. तुऱ्यांची सोबत नसेल तर पाने आणि बिया त्यात येत नाहीत. भांग त्यातून सुटते, पण महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यात अडकते. विनापरवाना झाड लावणे हा मात्र वजनाचा प्रश्न न येताही गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा. जवळ बाळगण्याच्या गुन्ह्यात वजनाला महत्त्व येते. एक किलोपर्यंत अल्प मात्रा, वीस किलोच्या वर व्यापारी मात्रा आणि किमान दहा वर्षे. चरसाला हेच आकडे शंभर ग्रॅम आणि एक किलो. म्हणून पाने-खोडासह तोललेल्या पेंढीचा आकडा न्यायालयात टिकेलच असे नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2022 साली एका जामीन प्रकरणात नेमके हेच पाहिले होते, जप्त मालात तुरे होते का. पंचनामा करणाऱ्याला तुरा आणि पान वेगळे करता आले पाहिजे. बातमीदारालाही तेवढे विचारता यावे.

याच कायद्याचे कलम 64-अ फारसे कोणाला ठाऊक नाही. अल्प मात्रेत किंवा सेवनाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला, आणि उपचार पुरे केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. पोलिसांच्या धाकाने पुडी लपवणाऱ्या घरांना हे कळायला हवे. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी 14416 हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत. फोनवर काय घेतो हे विचारतील, तेव्हा भांग असेल तर भांग आणि गांजा असेल तर गांजा म्हणावे.