आवाज बदलला म्हणजे नवी प्रजाती झाली का?

माळरानावर प्लॉटिंग सुरू झाले किंवा कारखान्याची भिंत उभी राहिली, की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. पक्षी काय, तुकड्यातुकड्यांत जुळवून घेतील. उलट त्यातून नव्या प्रजाती तयार होतील. उत्क्रांतीचे नाव घेतले की समोरचा गप्प बसतो. पण हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा महागात पडणारा.

खरा भाग आधी पाहू. नगरची दखनी आणि रत्नागिरीच्या कोकणी मुसलमानांची बोली यांतला फरक दोन वाक्यांत कळतो. तरी मनात आणले तर सोयरीक जमते. पक्ष्यांचे तसे नाही. मादी नराला बऱ्याचदा आवाजावरून ओळखते. बोली फार बदलली की सोयरीकच खुंटते, आणि नवी प्रजाती अशीही घडू शकते.

सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला, उंच डोंगरमाथ्यांवरच्या शोला जंगलात शोलाकिली नावाचे छोटे पक्षी राहतात. हे माथे त्यांना बेटांसारखे आहेत. मधल्या गरम खिंडी ते ओलांडत नाहीत. पालघाट खिंडीच्या उत्तरेचा आणि दक्षिणेचा शोलाकिली आज दोन वेगळ्या प्रजाती मानल्या जातात. या ताटातुटीला लाखो वर्षे लागली. चेतना पुरुषोत्तम आणि व्ही. व्ही. रॉबिन यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुरातन अडथळ्याने वेगळे झालेले गट आणि अलीकडच्या जंगलतोडीने तुटलेले गट यांची गाणी तपासली. फरक दोन्हीकडे होता, पण गाण्याच्या वेगवेगळ्या गुणांमध्ये. म्हणजे कुऱ्हाडीने पाडलेली फट ही खिंडीची छोटी आवृत्ती नव्हे.

आपल्याकडचा रानपिंगळाही आवाजाने वेगळा. १८८४ नंतर तो कुणाला खात्रीने दिसला नव्हता. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सापडला. नगरच्या चिंचेवर कलकलाट करणारा साधा पिंगळा आणि हा, दोघे दिसायला जवळचे. रानपिंगळ्याची साद मात्र मऊ, शिट्टीसारखी. फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी त्याचे आवाज आणि वीण यांवर सविस्तर काम केले. (सलीम अलींपुढे आपली यादी थांबते, म्हणून ही दोन नावे मुद्दाम लिहिली.)

आता युक्तिवादाचा खोटा भाग. घुबडे आवाज शिकत नाहीत, तो जन्मतःच असतो. गाणारे पक्षी मात्र वडीलधाऱ्यांकडून शिकतात. ऑस्ट्रेलियात रीजंट हनीईटर नावाचा पक्षी आता जेमतेम काही शे उरला आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचे सुमारे १२ टक्के नर दुसऱ्याच पक्ष्यांची गाणी गाताना आढळले. शिकवायला जवळ कुणी मोठा उरला नव्हता. अशा नरांना जोडीदारही कमी मिळत होते. आवाज बदलला, पण नवे काही जन्मले नाही. ते घर मोडल्याचे लक्षण होते.

आपल्या जिल्ह्यातली गोष्ट माळढोकाची. १९७९ मध्ये सोलापूर-नगरमध्ये त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झाले, ८,४९६ चौरस किलोमीटरचे. पुढे ते बरेच आकसले. विणीच्या काळात नराचा 'हूम' असा घुमणारा आवाज अर्धा किलोमीटर जातो. महाराष्ट्रात तो ऐकायला मादी आणि ऐकवायला नर, दोन्ही जवळजवळ संपले. कर्जत-श्रीगोंद्याच्या गवताळ माळाला आपण 'पडीक' म्हणत राहिलो, हेही त्याचे एक कारण.

माळावर चंडोल अजून आहेत. त्यातला सायक्सचा चंडोल दख्खन आणि मध्य भारताचाच, आणि इतर पक्ष्यांच्या नकला करण्यात पटाईत. आपल्या कॉलेजांतल्या प्राणिशास्त्र विभागांनी तालुक्यातालुक्यात मोबाइलवर त्याची गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवावीत. खर्च नगण्य आहे. वीस वर्षांनी बोलीत फरक पडला, तर तुलना करायला काहीतरी हातात असेल.