बर्फातली गाडी, चिखलातली गाडी



मागच्या वर्षी आमच्या खानदानात दोन गाड्या आल्या. एक कॅनडात, मॉन्ट्रियलला राहणाऱ्या माझ्या भाच्याकडे आणि दुसरी इथे केज तालुक्यात, आमच्या दारात. त्याला बर्फात चालणारी, खिशाला परवडणारी आणि चालवताना मजा येईल अशी गाडी हवी होती. आम्हाला पावसाळ्यात वस्तीवरून डांबरी रस्त्याला सुखरूप लावणारी हवी होती. दोघांचं दुखणं एकच निघालं, ते म्हणजे घसरण.

आमच्याकडे गाडीचा विषय निघाला तो सासूबाईंमुळे. आदल्या पावसाळ्यात एका रात्री त्यांना दम लागला. भाड्याची जीप बोलावली. आपली काळी माती भिजली की साबणासारखी होते. जीप अर्ध्या रस्त्यात फिरली आणि बांधाला जाऊन टेकली. अल्लाहच्या कृपेने कुणाला लागलं नाही, पण ट्रॅक्टर येऊन ओढेपर्यंत तास गेला. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात पोहोचेपर्यंत सासूबाईंचा हात माझ्या हातात गार पडत चालला होता. वेळेवर ऑक्सिजन मिळाला, त्या वाचल्या. सकाळी जीपचे टायर पाहिले, तर नुसते गुळगुळीत. नक्षी नावालाही नव्हती.

हे भाच्याला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, “खाला, इथे गाडी विचारायच्या आधी लोक टायर विचारतात.” त्यांच्या क्वेबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर लावणं कायद्याने सक्तीचं आहे. कारण साधं आहे. पारा सात अंशांच्या खाली गेला की नेहमीच्या टायरचं रबर कडक होतं, रस्ता धरत नाही. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या बारीक चिरा बर्फ पकडतात.

त्याच्यापुढे दोन जुन्या गाड्या होत्या. सुबारूची इम्प्रेझा चारही चाकांनी ओढणारी, पण महाग. माझदा 3 फक्त पुढच्या चाकांनी ओढणारी, पण स्वस्त, हाताच्या गिअरची आणि वळणावर हुकमात राहणारी. त्याने माझदा घेतली आणि वाचलेल्या पैशांत हिवाळी टायरचा वेगळा संच घेतला. त्याचा हिशेब मला पटला. चारही चाकांना ताकद मिळाली तर गाडी बर्फातून सुटायला मदत होते, पण थांबायच्या वेळी सगळ्याच गाड्यांना चारच टायर आणि ब्रेक. थांबवतो तो टायर. गाडीच्या तळाला गंज आहे का हेही त्याने वाकून पाहिलं, कारण तिकडे रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते पत्रा खातं.

आता आमची गोष्ट. मुलाला सनरूफवाली मोठी गाडी हवी होती, हप्त्यांवर. मुलांच्या अब्बांनी सांगितलं, व्याजाचं कर्ज घरात येणार नाही, साठवलेत त्यातच काय ते बघा. मुलगा दोन दिवस बोलला नाही. शेवटी पावणेपाच लाखांत जुनी स्विफ्ट ठरली. पुढच्या चाकांनी ओढणारी, आणि इंजिनाचं वजनही त्याच चाकांवर, म्हणून चिखलात पकड बरी मिळते. रोख देऊन उरलेल्या पैशांत पहिल्याच आठवड्यात चारही टायर नवे टाकले. शेजारी हसले, “मॅडम, सीट कव्हर टाका आधी!”

जुनी गाडी घेणाऱ्या बहीण-भावांनी एवढं जरूर पाहावं.

टायरच्या खाचांमध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे 1.6 मिलिमीटर उरली. आपल्याकडच्या नियमाची हीच शेवटची मर्यादा. पावसाळ्यात तिथपर्यंत वाट पाहूच नये. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी दिसते, पण टायर जुना होऊन चिरलाय, असंही असतं.

एप्रिल 2019 नंतर बनलेली गाडी पाहावी, कारण तेव्हापासून सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं. घसरत्या रस्त्यावर त्यामुळे चाक जाम होत नाही आणि स्टिअरिंग ऐकतं. ब्रेक दाबल्यावर पायाखाली थरथर झाली तर घाबरून पाय काढू नका, दाबून ठेवा.

कागदांत आधीच्या मालकाचं कर्ज उतरलंय का ते पाहा. फॉर्म 29 आणि 30 भरून गाडी आपल्या नावावर झाल्याशिवाय व्यवहार पुरा समजू नका.

चालवण्याची रीत बर्फात आणि चिखलात एकच. हळू सुटा, पुढच्या गाडीपासून लांब राहा, झटक्याने ब्रेक नको, झटक्याने वळण नको. आणि हिवाळ्यात काश्मीर-मनालीला जाणाऱ्यांनी आपली गाडी तशीच बर्फात घालू नये. तिथली, चाकांना साखळ्या लावलेली गाडी करावी.

मजेचं म्हणाल तर तीही मिळाली. ईदनंतर माजलगावला जाताना धारूरचा घाट मी स्वतः चालवला. हलकी गाडी, दुसरा गिअर, एकेक वळण सावकाश. मागून मुलगा म्हणाला, “अम्मी, मस्त चालते हो!” सनरूफचा विषय त्यानंतर निघाला नाही.

या पावसाळ्यात सासूबाईंना पुन्हा एकदा रात्री न्यावं लागलं. तोच रस्ता, तीच माती. या वेळी बांधापाशी गाडी जराशी डगमगली आणि सरळ झाली. सासूबाई मागून एवढंच म्हणाल्या, “बेटी, हळू जा, पण जात राहा.”

तुमच्या दारात जी गाडी उभी असेल, तिचे टायर आज मगरिबच्या आधी, उजेड आहे तोवर, एकदा वाकून पाहा.