आधी बांगड्या वाढवा!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. परसातल्या शेवाळावरून आमच्या सासूबाई घसरल्या आणि उजव्या तळहातावर पडल्या. त्यांचं माहेर बैलहोंगलचं, म्हणून घरात सगळे त्यांना ‘अव्वा’च म्हणतात. मनगट वाकडं झालेलं, पाहता पाहता टम्म सुजलं. त्यावर हिरव्या काचेच्या बांगड्या आणि सोन्याची पाटली!

मी म्हटलं, ‘‘अव्वा, आधी बांगड्या काढू या.’’ त्या ऐकेनात. ‘‘बळी तगीबारदु,’’ एवढंच म्हणत राहिल्या. सवाष्णीच्या हातातल्या बांगड्या काढायच्या म्हणजे काय, हे मला का ठाऊक नव्हतं? मीही गप्प बसले. चूक झाली ती तिथेच.

तासाभराने अव्वा म्हणाल्या, ‘‘बेरळु जोमु हिडदैती.’’ बोटांना मुंग्या येत होत्या. बोटं निळसर, गार पडली होती. शेवटी मामंजी पुढे आले. ‘‘ना इल्ले कुंतीनल्ल, तगी बळी!’’ म्हणाले. अव्वांनी मुकाट्याने हात पुढे केला. काचेच्या बांगड्या जपून वाढवल्या. पाटली मात्र निघेना. दवाखान्यात कटरने ती कापली, तेव्हा कुठे बोटांना रंग आला.

डॉक्टरांनी समजावलं ते सांगते. मनगटाजवळचं हे हाड मोडणं उतारवयात, विशेषतः पाळी गेलेल्या बायकांत, फार आढळतं. हाडं विरळ झालेली असतात. आयर्लंडच्या अब्राहम कोलीस या शल्यचिकित्सकाने 1814 साली त्याचं वर्णन केलं, म्हणून ‘कोलीस फ्रॅक्चर’. हाड मोडलं की सूज वाढते. वर बांगडी, अंगठी किंवा घट्ट आवळलेली पट्टी असेल, तर सुजेला जागा उरत नाही. रक्तपुरवठा अडतो, नस दबते. वेळ गेला तर हात कायमचा अधू होऊ शकतो.

म्हणून मैत्रिणींनो, हातावर कुणी पडलं की सूज चढण्याआधीच बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढा. तेल लावून चोळू नका, ओढून हाड बसवू नका. पुठ्ठ्याचा आधार देऊन हात झोळीत घ्या आणि दवाखाना गाठा. प्लास्टर घातल्यावरही हात उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवा. बोटं बधिर, निळी वा गार पडली, किंवा असह्य ठणका लागला, तर सकाळची वाट पाहू नका. ‘जोमु’ म्हणा की ‘मुंग्या’, ती हाक वेळीच ऐका.

आणखी एक. प्लास्टर म्हणजे हाताला पूर्ण सुट्टी नव्हे. डॉक्टरांनी मना केलं नसेल तर बोटांची उघडझाप पहिल्या दिवसापासून हवी. कोपर, खांदाही हलवत राहायचं. नाहीतर हाड जुळतं, पण खांदा आखडून बसतो. आमचा नातू रोज आजीकडून व्यायाम करून घेई. तो मोजायचा ‘एक, दोन, तीन’, अव्वा ‘ओंदु, एरडु, मूरु’!

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. मनगट अजून थोडं आखडतं, पण भाकरी थापतात. पाटली सोनाराकडून जोडून आणली. ती मात्र आता डाव्या हातात घालतात. उजव्या हातात हिरव्या बांगड्या, त्याही जरा सैलच, बांगडीवाल्याला स्वतः सांगून भरलेल्या.