घर आणि शाळा : ‘रीतच तशी आहे’

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं घडलेला एक लहानसा प्रसंग वाचकांपुढें ठेवावासा वाटतो. आमची पुतणी प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेचा अभ्यास करीत आहे. एका रविवारीं ती घरांतील चौथीच्या मुलास गुणाकार शिकवीत होती. १३५ गुणिले १२ हें उदाहरण आम्हींच ‘लीलावती’ ग्रंथांतून काढून दिलें होतें. दोहोंनीं गुणून पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळींत एककाच्या जागीं तिनें फुली मारावयास सांगितली.

“ताई, ही फुली कशाला?” मुलानें विचारलें.

“रीतच तशी आहे,” असें उत्तर मिळालें.

मुलगा गप्प बसला. पण त्याचें समाधान झालें नव्हतें, हें त्याच्या मुद्रेवरून दिसत होतें. जवळच भाजी निवडीत बसलेल्या आमच्या मातुःश्री मान वर न करितां म्हणाल्या, “अरे, एकशें पस्तिसाची दहापट साडेतेराशें, आणि दुप्पट दोनशें सत्तर. झाले सोळाशें वीस.”

पुतणी क्षणभर थबकली. “म्हणजे आजी, दुसरी ओळ एकानें गुणलेली नाहींच! ती दहानें गुणलेली!”

“मग? बारांतला एक म्हणजे दहाच कीं ग.”

गुणाकाराचें बेरजेवर वितरण होतें, हा गुणधर्म आमच्या पुतणीनें सूत्ररूपानें पाठ केला होता व परीक्षेंत त्याचे गुणही मिळविले होते. परंतु रोजच्या गुणाकारांतील त्या दोन ओळी म्हणजे तेंच सूत्र होय, हें तिला कोणीं दाखविलें नव्हतें. फुलीच्या जागीं शून्य लिहिलें असतें, तर निदान तें बोललें तरी असतें!

भास्कराचार्यांनीं ११५० सालीं रचिलेल्या त्या ग्रंथांत हाच गुणाकार अनेक प्रकारें करून दाखविला आहे. बाराचे आठ व चार असे खंड करावे, म्हणजे १०८० व ५४० मिळून १६२० होतात. अथवा बारा म्हणजे चार त्रिक बारा असें मानून आधीं एकानें व मग दुसऱ्यानें गुणावें. अथवा विसांनीं गुणून २७०० आणावे व त्यांतून आठपट, म्हणजे १०८०, वजा करावी. पहिल्या व तिसऱ्या प्रकारांत वितरणाचा गुणधर्म आहे, दुसऱ्यांत साहचर्याचा. एकच उत्तर इतक्या वाटांनीं कां येतें, हें ज्यास उमगलें, त्याला कोणतीही एक रीत विसरण्याचें भय राहत नाहीं. आचार्यांचे नातू चांगदेव यांनीं त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला, व चाळीसगांवजवळील पाटण येथें त्यास १२०७ सालीं दान मिळाल्याचा शिलालेख आहे.

गुणधर्म कोठें लागू पडतो याइतकेंच तो कोठें लागू पडत नाहीं, हें भावी शिक्षकास कळलें पाहिजे. ताटांत तीन ओळींत पांच-पांच लाडू मांडावे. ताट फिरविलें कीं पांच ओळींत तीन-तीन दिसतात, लाडू पंधराच राहतात. ही गुणाकाराची क्रमनिरपेक्षता. वजाबाकीस मात्र ही सवलत नाहीं. ५२ मधून ३८ वजा करितांना पुष्कळ मुलें एककाच्या स्थानीं आठांतून दोन काढून मोकळीं होतात व २६ हें उत्तर लिहितात. खरें उत्तर १४. हा निष्काळजीपणा नव्हे. क्रम बदलला तरी चालतें हा बेरजेचा धडा मुलानें नको त्या ठिकाणीं लाविला. ज्या गुरुजींस हें ओळखतां येतें ते मुलाचा विचार सुधारतात. ज्यांस येत नाहीं ते नुसती लाल फुली मारितात. अशा फुल्या सांचल्या म्हणजे आपणांस गणित येतच नाहीं असें मूल आयुष्यभरासाठीं ठरवून टाकितें.

हा दोष केवळ आपल्याकडीलच आहे असेंही नव्हे. लिपिंग मा या विदुषींनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत अमेरिकेंतील २३ व चीनमधील ७२ प्राथमिक शिक्षकांस विचारलेल्या प्रश्नांचा वृत्तांत आहे. पावणेदोनांस अर्ध्यानें भागा व त्यावर शाब्दिक उदाहरण रचा, असा एक प्रश्न होता. चीनमधील सर्व शिक्षकांचें उत्तर बरोबर आलें. अमेरिकेंतील २१ जणांनीं भागाकार करून पाहिला, त्यांपैकीं नऊच यशस्वी झाले. उदाहरण रचण्यांत तर त्यांची अधिकच तारांबळ उडाली. अनेकांनीं अर्ध्यानें भागणें व दोहोंनीं भागणें यांची गल्लत केली. आणि चीनमधील शिक्षकांचीं शिक्षणाचीं वर्षें अमेरिकेंतील शिक्षकांहून कमीच होतीं! केवळ पदव्या वाढवून हा रोग बरा होणार नाहीं, हें त्यावरून उघड आहे. आमच्या मातुःश्रींस तोच प्रश्न विचारला तेव्हां त्या म्हणाल्या, “पावणेदोन किलो साखरेच्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पुड्या बांधायच्या. तीन पुऱ्या, एक अर्धी. साडेतीन.”

अध्यापक विद्यालयांनीं गुणधर्मांच्या व्याख्या पाठ करवून थांबूं नये. प्रत्येक रीत भावी शिक्षकाकडून कारणासह मांडून घ्यावी, एकच उदाहरण दोन-तीन वाटांनीं करवावें, आणि मुलांच्या चुका पुढें ठेवून त्यांमागील विचार शोधावयास लावावें. घरांतील वडील मंडळींनींही आपले तोंडी हिशेब मुलांसमोर मोठ्यानें करावे. पावकी-निमकी आतां कोणी म्हणत नसलें, तरी त्यांतील समज घरोघर शिल्लक आहे.

पुढच्या रविवारीं आमच्या पुतणीनें त्याच मुलास पुन्हां बसविलें व दुसऱ्या ओळींत शून्य लिहविलें. “हें कशाला?” असें या खेपेस तिनेंच त्याला विचारलें. त्यानें बराच वेळ विचार केला, आणि बरोबर सांगितलें.